देव गप्प वाटतो तेव्हा काय करावं? पुण्यात नव्याने विश्वासात आलेल्यांसाठी

नव्याने विश्वासात आलेल्या माणसाला पहिले काही महिने कुणी ढकलावं लागत नाही. प्रार्थनेला बसलं की डोळे भरून येतात, बायबल हातातून सुटत नाही, रविवार कधी येतो असं होतं. पुढे कधीतरी हे ओसरतं. नोकरी जाते, घरी कुणी आजारी पडतं, जमलेलं लग्न मोडतं. कधी काहीच घडत नाही, नुसतं कोरडं वाटायला लागतं. प्रार्थनेला बसलं की हात मोबाईलकडे जातो. ‘ऐकणारं कुणी आहे का?’ हा प्रश्न मनात येतो, पण तो मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, विचारायची सोय नसते. तिथे ‘कसे आहात?’ला ‘प्रभूच्या कृपेने बरं आहे’ हे एकच उत्तर ठरलेलं असतं.

हा लेख त्या दिवसांसाठी आहे. पुण्यातल्या एका मराठी मंडळीत नवीन आलेल्यांबरोबर बसण्याचं काम माझ्याकडे असतं. तिथे वारंवार सांगावं लागतं तेच इथे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. देव जवळ असणं वेगळं आणि तो जवळ आहे असं वाटणं वेगळं. वाटणं आपल्या झोपेवर, पोटावर, पगारावर आणि कधीकधी पावसाळी हवेवरसुद्धा अवलंबून असतं. देवाचं असणं यातल्या कशावरही अवलंबून नाही, असं ख्रिस्ती विश्वास सांगतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशू शिष्यांना युगाच्या समाप्तीपर्यंत बरोबर राहण्याचं वचन देतो. त्या वचनाला ‘तुम्हाला तसं वाटलं तर’ अशी अट जोडलेली नाही. त्यामुळे खालच्या पायऱ्यांमध्ये ते जुनं वाटणं परत आणण्याचा एकही उपाय सापडणार नाही. ते नसतानाही देवासमोर कसं टिकून राहावं, एवढंच इथे आहे.

पहिली पायरी: आधी जेवा आणि झोपा

हे वाचून कुणाला हसू येईल. पण जुन्या करारातलं १ राजे हे पुस्तक काढा आणि त्याचा १९वा अध्याय वाचा. एलीया हा मोठा संदेष्टा. कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी पडलेला त्याने नुकताच डोळ्यांनी पाहिला आहे. मग ईजबेल राणीचा निरोप येतो की उद्या या वेळेपर्यंत तुझा जीव घेते, आणि हाच माणूस पळत सुटतो. बैर-शेबा इथे तो आपल्या चाकराला मागे ठेवतो, एकटाच रानात दिवसभराची वाट चालतो आणि रतामाच्या झुडपाखाली बसून देवाला सांगतो की आता पुरे झालं, माझा जीव घे. मग तिथेच झोपी जातो.

यावर देव त्याला काय सांगतो? त्या वेळी काहीच नाही. देवदूत येऊन त्याला हलवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर असते आणि चंबूभर पाणी. एलीया खातो, पितो आणि परत आडवा होतो. तरी त्याला कुणी रागवत नाही. देवदूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खायला उठवतो, कारण पुढचा पल्ला लांबचा आहे. कर्मेलवर काय पाहिलंस, विसरलास का, विश्वास कुठे गेला, यातला एकही शब्द निघत नाही. होरेब डोंगरावरचं प्रसिद्ध बोलणं, तो वारा, तो भूकंप, तो अग्नी आणि त्यानंतरची शांत, मंद वाणी, हे सगळं चाळीस दिवसांनंतरचं आहे. त्याआधी दोन जेवणं आणि दोन झोपा झालेल्या आहेत.

म्हणून पीजीत राहणारा, हिंजवडीत रात्रपाळी करणारा, मेसचा डबा अर्धा टाकून रात्री दोनपर्यंत रील्स बघणारा मुलगा ‘ताई, देव दूर गेलाय’ म्हणत येतो, तेव्हा मी आधी विचारते, काल काय खाल्लंस? उत्तर बहुतेक वेळा वडापाव आणि चहा असंच असतं.

पहिला आठवडा एवढंच करा. दोन वेळा बसून जेवा. फोन अंथरुणापासून लांब, शक्यतो दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. रोज अर्धा तास चाला. तळजाई, वेताळ टेकडी, सारसबाग, जे जवळ असेल ते चालेल. चालताना प्रार्थना केलीच पाहिजे असं काही नाही. जेवणाआधी मात्र एक वाक्य म्हणा, ‘प्रभू, हे तू दिलंस.’ या आठवड्यासाठी तेवढी प्रार्थना पुरे.

अशा वेळी स्वतःहून उपवास धरू नका. उपवास चांगला आहे, पण खचलेल्या, उपाशी माणसाने तो एकट्याच्या मनाने करू नये.

दुसरी पायरी: तक्रार तोंडाने बोला

बऱ्याच नवीन लोकांना वाटतं की देवाकडे कुरकुर करणं म्हणजे अविश्वास. ही समजूत कुठून आली कोण जाणे, बायबलमधून तर नक्कीच आलेली नाही. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतला मोठा वाटा विलापाचा आहे. देवा, तू झोपलास का, तोंड का लपवतोस, शत्रू हसतायत ते दिसत नाही का, असं सगळं त्यात उघडउघड आहे. ही स्तोत्रं प्रार्थना म्हणून जपली गेली, गायली गेली. वारकरी घरातून आलेल्यांना तर हे समजावून सांगावंच लागत नाही. देवाशी भांडायची सवय त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्यांची असते. मिशनच्या शाळेत शिस्तीत वाढलेल्यांना ते जास्त जड जातं, असा माझा अनुभव आहे.

सुरुवात १३व्या स्तोत्रापासून करा. ते जेमतेम सहा वचनांचं आहे. पहिल्या दोन वचनांत दावीद चार वेळा विचारतो, कुठवर? मला कुठवर विसरणार, तोंड कुठवर लपवणार, मी मनात कुठवर झुरत राहू, शत्रू माझ्यावर कुठवर वरचढ राहणार? मग मागणी येते: माझ्याकडे बघ, उत्तर दे, माझे डोळे उजळ. आणि शेवटी, परिस्थिती काहीही बदललेली नसताना, तो म्हणतो की तुझ्या दयेवर मी भरवसा ठेवला आहे. म्हणजे हाक, तक्रार, मागणी आणि भरवसा, या क्रमाने ते जातं.

आता हाच क्रम घेऊन स्वतःचं लिहा. वही घ्या, मोबाईल नको. भाषा घरची ठेवा. ‘हे सर्वसमर्थ स्वर्गीय पित्या’ने सुरुवात करायची गरज नाही. मागे आमच्याकडच्या एका मुलाने लिहिलं होतं ते साधारण असं होतं (त्याला विचारून देते आहे):

‘प्रभू, तीन महिने झाले अर्ज टाकतोय. बाबांना फोन करायची हिंमत होत नाही. तू ऐकतोस असं पाळकसाहेब सांगतात, मला तरी काही ऐकू येत नाही. सोमवारच्या मुलाखतीचं बघ. तोवर रूमचं भाडं कसं भागवू ते सांग. आणि मी अजून तुझ्याशीच बोलतोय, हे लक्षात असू दे.’

शेवटचं वाक्य बघा. ‘मला पूर्ण विश्वास आहे’ असं त्याने लिहिलं नाही, कारण ते खोटं झालं असतं. जेवढं खरं होतं तेवढंच लिहिलं. भरवसा म्हणून तेवढा चालतो.

लिहून झालं की मोठ्याने वाचा. पीजीत तिघं एका खोलीत असतील तर गच्चीवर जा, नाहीतर गाडी लावून हेल्मेटमध्ये बोला. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये कुणाचं लक्ष जात नाही. मोठ्याने म्हणण्याला कारण आहे. मनातल्या मनात केलेली तक्रार स्वतःशीच फिरत राहते. तोंडाने बोललेली तक्रार कुणाला तरी उद्देशून होते.

१३ झालं की ४२ आणि ४३ एकत्र वाचा. त्या दोन स्तोत्रांत मिळून एकच पालुपद तीनदा येतं. गाणारा स्वतःच्याच जिवाला विचारतो, तू का खिन्न झालास, देवाची आशा धर. एकदा म्हणून त्याचं भागलं नाही, तीनदा म्हणावं लागलं. मग ७७. आणि अगदी काळोख असेल तर ८८. या ८८व्या स्तोत्राबद्दल आधीच सांगून ठेवते, कारण नवीन माणूस शेवटी उजेड येईल म्हणून वाट बघत राहतो आणि तो येत नाही. स्तोत्र अंधारातच संपतं. मला ते फार जवळचं वाटतं. ज्याने कुणी ही स्तोत्रं एकत्र केली त्याने हेही ठेवलं, काढून टाकलं नाही.

गुड फ्रायडेला दुपारी चर्चमध्ये बसाल तेव्हा क्रुसावरचे सात उद्गार ऐकाल. त्यांतला ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हा उद्गार २२व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. येशूने त्या घटकेला विलापाचं स्तोत्र तोंडात घेतलं. मग तुमच्या-माझ्या तक्रारीने देव दुखावेल ही भीती सोडून द्यायला हरकत नाही.

तिसरी: शब्द संपले की उसने घ्या

काही दिवस तक्रारसुद्धा सुचत नाही. तेव्हा स्वतःचं काही बनवू नका. प्रभूची प्रार्थना पाठ आहे ना? ती म्हणा. किंवा शुभवर्तमानात आंधळ्या बार्तीमयाने रस्त्याच्या कडेला बसून मारलेली हाक घ्या: येशू, माझ्यावर दया कर. श्वास आत घेताना ‘प्रभू येशू’, सोडताना ‘माझ्यावर दया कर’. स्वारगेटहून हडपसरच्या बसमध्ये उभं राहूनही हे होतं. रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायात पौल लिहितो की कशी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा आपल्यासाठी मध्यस्थी करतो, शब्दांत न येणाऱ्या कण्हण्याने. त्या दिवशी नुसतं खुर्चीत बसून कण्हलात तरी ती प्रार्थना झाली.

चौथी: बसायला एक जागा ठरवा

घरी एकट्याने जमत नसेल तर चर्चच्या बाकावर जाऊन बसा. पुण्यात यासाठी फार शोधावं लागत नाही. गुरुवार पेठेतलं पवित्र नाम देवालय १८८५ सालचं आहे. त्याचा उंच घंटाघराचा मनोरा पेठेत लांबून दिसतो. पुणेकर या भागाला पंचहौद म्हणून ओळखतात, आणि इतिहासाच्या वाचकांना १८९० सालचा मिशनऱ्यांकडचा तो चहा आठवतो, ज्यावरून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानड्यांवर प्रायश्चित्ताची वेळ आली. नाना पेठेत क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च पेशवाईतलं आहे, सवाई माधवरावांच्या काळातलं. एम्प्रेस गार्डनच्या बाजूला सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रल आहे. कॅम्पातलं सेंट मेरीज १८२५ सालचं. याशिवाय खडकी, दापोडी, येरवडा, वडगाव शेरी, पिंपरी अशा सगळीकडे लहानमोठ्या मंडळ्या आहेत. मराठी उपासना किंवा मराठी मिस्सा (कॅथलिकांची उपासना) किती वाजता असते हे चर्चच्या ऑफिसात फोन करून विचारा. सणासुदीला वेळा बदलतात.

आठवड्यात मधल्या दिवशी जायचं असेल तर कॅथलिक पॅरिश सोयीची पडते. बहुतेक ठिकाणी रोज सकाळी मिस्सा असते आणि अर्धा तास आधी दार उघडं असतं. तुम्ही प्रॉटेस्टंट असलात तरी मागच्या बाकावर शांत बसायला कुणी अडवत नाही.

नवख्याला काही बारीक गोष्टी कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. बाप्तिस्मा झालेला नसेल तर प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटतात तेव्हा, जागेवरच बसा. त्यात कमीपणा नाही, शेजारच्यालाही ते कळतं. दानाची पिशवी समोर आली आणि खिशात पैसे नसले तर ती पुढे सरकवा. उपासना संपल्यावर लगेच पळून जाऊ नका, दाराशी पाळकसाहेब किंवा फादर हात मिळवायला उभे असतात. नाव सांगा, कुठून आलात ते सांगा, बस. नगर, जालना, संभाजीनगरकडचे असाल तर पाच मिनिटांत तुमच्या गावचं कुणीतरी निघेलच.

आणि गायला नाही जमलं तर गाऊ नका. पेटी-तबला सुरू होतो, सगळी मंडळी उभी राहून गाते, आणि आपल्या घशातून आवाज निघत नाही, असं होतं. तेव्हा उभं राहा आणि इतरांना गाऊ द्या. मंडळी असते ती याचसाठी. एलीया म्हणत होता की मी एकटाच उरलोय. देवाने त्याला सांगितलं की बआल या परक्या दैवतापुढे गुडघा न टेकलेले सात हजार जण इस्राएलात शिल्लक आहेत. रानात बसल्यावर ते दिसत नव्हते.

पाचवी: एका माणसाला खरं सांगा

एकालाच सांगा. सगळ्या ग्रुपवर ‘प्लीज प्रे फॉर मी’ टाकलं की तीस हात जोडलेले इमोजी येतात आणि फोन एकही येत नाही.

तो माणूस कोण असावा? ज्याच्या घरी दुःख येऊन गेलं आहे असा. आमच्या महिला मंडळात एक मावशी आहेत. त्यांचं बायबल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं असतं, कडा सेलोटेपने चिकटवलेल्या. एका मुलीला मी त्यांच्याकडे घेऊन गेले होते. ती म्हणाली, ‘मावशी, आजकाल प्रार्थनेत मला काहीच वाटत नाही.’

मावशी म्हणाल्या, ‘बरं. चहात साखर किती?’

चहा ठेवून झाल्यावर, कपबशी पुसता पुसता त्या बोलल्या, ‘हे गेले तेव्हा वर्षभर मलापण काही वाटत नव्हतं. रविवारी जायचे, बसायचे, घरी यायचे.’

‘मग?’

‘मग काय. एका रविवारी मी गात होते म्हणे. मला नाही कळलं, शेजारणीने सांगितलं.’

एवढंच. एकही वचन त्यांनी काढून दाखवलं नाही. ती मुलगी आता दर बुधवारी त्यांच्याकडे जाते.

ज्यांच्यापासून जपून राहावं असेही लोक असतात. तुमचा विश्वास कमी पडला, घरात पाप लपलं आहे, पूर्वजांचा शाप आहे, असं पाच मिनिटांत निदान करणारे. विशेष प्रार्थनेसाठी पैसे मागणारे. आणि सगळ्यांत घातक म्हणजे डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा म्हणणारे. अशा ठिकाणाहून नम्रपणे उठा आणि परत जाऊ नका. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, तोवर ठीक होतं. बोलायला लागले तिथून सगळं बिघडलं, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावरच रागावला.

घरचे ख्रिस्ती नसतील तर आणखी एक अडचण येते. तुमचा उतरलेला चेहरा बघून आई म्हणते, ‘बघ, तिकडे जाऊन काय मिळालं?’ तिच्याशी वाद घालू नका. तिलाही काळजीच वाटते आहे. ‘आई, बरं नाही वाटत आहे’ एवढं सांगा आणि तिने वाढलेलं जेवा.

सहावी: डॉक्टरांकडे कधी जायचं

दोन आठवड्यांहून जास्त काळ दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, पूर्वी आवडणाऱ्या कशातच रस वाटत नसेल, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. ससूनमध्ये मानसोपचार विभाग आहे. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जगू नये असा विचार मनात आला तर हा लेख बाजूला ठेवा आणि आत्ता फोन करा. जवळच्या कुणाला तरी खोलीत बोलावून घ्या, एकटे राहू नका.

गोळी घेतल्याने विश्वास कमी होत नाही. मधुमेहाची गोळी घेणाऱ्या पाळकसाहेबांना कुणी असं विचारत नाही.

सातवी: कुणाच्या तरी उपयोगी पडा

होरेबावर एलीयाने आपली तक्रार दोनदा, जवळजवळ त्याच शब्दांत सांगितली. देवाने दोन्ही वेळा ऐकून घेतली आणि मग त्याला काम दिलं: परत जा, याला अभिषेक कर, त्याला अभिषेक कर, अलीशाला तुझ्या जागी घे. हे काम त्याला जेवण, झोप आणि तक्रार हे सगळं झाल्यावर मिळालं. म्हणून ही पायरी इतक्या खाली ठेवली आहे. खचलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी संडे स्कूल शिकवायला लावणाऱ्या मंडळ्या मी पाहिल्यात. त्याने माणूस आणखी खचतो.

काम लहान घ्या. ससूनच्या आवारात संध्याकाळी जाऊन बघा. रुग्णाला आत बेड मिळालेला असतो आणि बाहेर व्हरांड्यात चादर टाकून त्याची माणसं बसलेली असतात. मावळातून, भोरमधून, पार धाराशिवकडून आलेली. शेजारी स्टीलचा रिकामा डबा, औषधांची चिठ्ठी घडी घालून बांगडीत अडकवलेली. चार चपात्या आणि भाजी नेऊन द्या. मेडिकलचं दुकान कुठे ते दाखवा. चिठ्ठीवरचं इंग्रजी वाचून सांगा. धर्माचं काही बोलू नका, पत्रकं वाटू नका. उपाशी आणि आजारी माणसासाठी केलेलं ते माझ्यासाठी केलं, असं येशू मत्तय २५मध्ये सांगतो. त्या गोष्टीतल्या भल्या माणसांनाही आपण त्याच्यासाठी काही केलं हे माहीत नव्हतं. ‘प्रभू, आम्ही तुला केव्हा पाहिलं?’ असं तेच विचारतात.

आठवी: वहीत तीन ओळी

रात्री झोपण्याआधी तीन ओळी लिहा. आज कुठे जीव जरा हलका झाला? कुठे जड झाला? उद्यासाठी काय मागायचं? इग्नाशियस लोयोला या १६व्या शतकातल्या संताने दिवसाकडे असं मागे वळून बघण्याची रीत घालून दिली. त्याने काढलेल्या जेझुइट संघातले लोक आजही ती पाळतात. पहिले पंधरा दिवस वही कंटाळवाणी दिसेल: ‘हलकं: काही नाही. जड: ऑफिस.’ तसंच लिहा. दोन महिन्यांनी मागची पानं एकदम वाचून काढा. ७७व्या स्तोत्रात शेवटी असं येतं की देवाची वाट समुद्रातून गेली आणि त्याची पावलं कुणाला दिसली नाहीत. लोक पार झाले हे मात्र खरं. वहीत तसं काही सापडतं. कुणी अचानक फोन केला होता, कुणी उसने दिले होते, त्या मंगळवारी झोप लागली होती. त्या दिवशी त्यात देव दिसला नव्हता.

त्याच संताचा आणखी एक नियम नवीन लोकांनी भिंतीवर लावावा असा आहे: मन खिन्न असताना, चांगल्या काळात घेतलेला निर्णय बदलू नये. मंडळी सोडणं, साखरपुडा मोडणं, गावी कायमचं निघून जाणं, हे सगळं थोडं थांबू शकतं.

किती थांबायचं, हा प्रश्न हमखास येतो. याला माझ्याकडे आकडा नाही. पंडिता रमाबाईंचं उदाहरण सांगते, कारण त्या आपल्या इथल्या. १८५८चा जन्म. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेले, मग भाऊ, मग लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच पती. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. तो त्यांना भेटला १८९१च्या सुमारास. मधली आठ वर्षं त्या प्रश्न विचारत होत्या, पत्रांतून धर्मगुरूंशी वाद घालत होत्या, अमेरिकेत व्याख्यानं देत होत्या, मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढून ते पुण्यात आणत होत्या. आणि ख्रिस्त भेटल्यावर सगळं सुरळीत झालं म्हणाल, तर १८९३मध्ये पुण्यात शारदासदनावर एवढं वादळ उठलं की पालकांनी मुली काढून नेल्या. तरी १८९६-९७च्या दुष्काळातल्या शेकडो मुली त्यांनी केडगावला आणून सांभाळल्या. १९२१ला एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. शेवटपर्यंत हातात मराठी बायबलच्या भाषांतराचं काम होतं. केडगाव दौंडच्या लोहमार्गावर आहे. एखाद्या शनिवारी तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनला जाऊन या, आधी फोनवर परवानगी विचारून.

तूर्त टाळायच्या गोष्टी

डोळे मिटून बायबल कुठेही उघडायचं आणि बोट ठेवलं ते वचन आजचं, हा खेळ करू नका. खचलेल्या मनाला नेमकं शापाचं वचन सापडतं. रात्री उशिरा साक्षीचे, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगणारे, व्हिडिओ बघू नका. त्यात प्रत्येकाचं संकट बारा मिनिटांत मिटतं आणि आपलं मिटलेलं नसतं. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फुलांच्या चित्रावर आलेलं वचन वाचलं म्हणजे बायबल वाचलं असंही समजू नका. एक स्तोत्र, पूर्ण, हळू आणि मोठ्याने वाचा. ते पुरतं.

आणि घरगुती प्रार्थनासभेत कुणी अचानक ‘आता तुमची साक्ष सांगा’ म्हणालं तर? उभं राहून गोड काहीतरी रचायचं नाही. ‘सध्या कोरडं चाललंय. मी येत राहीन. माझ्यासाठी प्रार्थना करा,’ एवढं म्हणून खाली बसा. सभा संपल्यावर कोण तुमच्याजवळ येतं ते बघा. पाचव्या पायरीतला माणूस बहुतेक त्यांच्यातच निघतो.